पिंपरीची माती आणि हळदीचा रेणू : औषधप्रतिकारक जिवाणूंविरुद्ध निसर्गजन्य संयुगांच्या महाराष्ट्रातील शोधाचा इतिहास (१९५४ ते २०२५)

प्रस्तावना

नागपूरच्या गांधीबागेलगत गंजीपेठेत घाऊक औषधांचा बाजार आहे. तेथून थोड्याच अंतरावर इतवारीच्या किराणा ओळीत हळद, मिरी, दालचिनी आणि लवंगेची पोती उतरतात. पहिल्या बाजारात 'रासायनिक' औषध मिळते आणि दुसऱ्या बाजारात 'नैसर्गिक', असा सर्वसामान्य समज आहे. विज्ञानाच्या इतिहासाच्या कसोटीवर हा समज टिकत नाही. पेनिसिलीन ही बुरशीची निर्मिती आहे. स्ट्रेप्टोमायसीन आणि एरिथ्रोमायसीन मातीतील जिवाणूंपासून मिळाले. विसाव्या शतकात कोट्यवधी रुग्णांचे प्राण वाचविणारी बहुतेक प्रतिजैविके मूळची निसर्गजन्य संयुगेच होत.

आज या औषधांची परिणामकारकता वेगाने घटत आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिकारक जिवाणूंमुळे घडले, तर ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा संसर्गाचा संबंध होता. त्यामुळे निसर्गजन्य संयुगांकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. मात्र हा शोध महाराष्ट्रात नवीन नाही. पुण्याजवळील पिंपरी येथे सत्तर वर्षांपूर्वी तो पद्धतशीरपणे सुरू झाला होता.

प्रस्तुत शोधनिबंधाचा उद्देश त्या शोधाचा इतिहास मांडणे आणि त्याच्या प्रकाशात आजच्या नव्या धोरणांचे मूल्यमापन करणे हा आहे. त्यासाठी ऐतिहासिक-वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैज्ञानिक संशोधन व शासकीय निर्णय यांचा आधार घेतला आहे. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की, गुणकारी संयुग सापडणे ही महाराष्ट्रातील संशोधनाची मुख्य अडचण नव्हती. संयुगापासून रुग्णापर्यंतची साखळी पूर्ण करणे, आणि औषध हाती आल्यानंतर त्याचा वापर शिस्तीने करणे, या दोन बाबतींत आपण वारंवार कमी पडलो.

१. प्रतिकार आणि जैवपटल : संकल्पनांचा उगम

औषधप्रतिकाराचा इतिहास प्रतिजैविकांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पेनिसिलीनचा रुग्णांवर वापर सुरू होण्यापूर्वीच, १९४० मध्ये, अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पेनिसिलीनचा नाश करणारे विकर जिवाणूंमध्ये असल्याचे दाखवून दिले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेत घेतलेल्या पेनिसिलीनमुळे जिवाणू प्रतिकारक्षम होतील, असा स्पष्ट इशारा दिला होता. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मातीतील सूक्ष्मजीव कोट्यवधी वर्षे परस्परांविरुद्ध ही संयुगे वापरत आले आहेत. जेथे अस्त्र निर्माण झाले तेथेच त्याची ढालही निर्माण झाली.

दुसरी संकल्पना जैवपटलाची. जिवाणू द्रवात सुटे तरंगतात तसेच पृष्ठभागाला चिकटून, स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्याच्या आवरणात वसाहत करूनही राहतात. या वसाहतीला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. दातांवर साचणारा थर हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये आपल्या दातांवरील थरातील सजीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले होते. व्हिनेगारचा परिणाम थराच्या आतील जिवांपर्यंत पोहोचत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले होते. परंतु वैद्यकशास्त्राने या निरीक्षणाचे महत्त्व ओळखण्यास जवळजवळ तीनशे वर्षे घेतली. विल्यम कॉस्टरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये जैवपटलाची संकल्पना व्यापक स्वरूपात मांडली आणि मूत्रनलिका, कृत्रिम सांधे, श्वसनयंत्राच्या नळ्या यांच्याशी निगडित चिवट संसर्गांचा उलगडा होऊ लागला.

जैवपटलातील जिवाणू सुट्या जिवाणूंच्या तुलनेत प्रतिजैविकाची कित्येक पट, काही वेळा हजारपटीपर्यंत, अधिक मात्रा सहन करू शकतात. त्याची कारणे अनेक आहेत. चिकट आवरणातून काही औषधे हळू झिरपतात. आतील जिवाणूंना अन्न व प्राणवायू कमी मिळत असल्याने त्यांची वाढ मंदावते, आणि वाढत्या पेशीवर आघात करणारी औषधे अशा सुस्त पेशींवर निष्प्रभ ठरतात. शिवाय दाटीवाटीने राहणाऱ्या जिवाणूंमध्ये प्रतिकाराच्या जनुकांची देवाणघेवाण सुलभ होते. म्हणूनच केवळ अधिक तीव्र जिवाणुनाशक शोधणे हे या प्रश्नाचे पुरेसे उत्तर ठरत नाही.

२. हाफकिन ते पिंपरी : सार्वजनिक हिताचा विचार

महाराष्ट्रातील प्रतिजैविक संशोधनाची पार्श्वभूमी मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार झाली. १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून परळ येथे स्थिरावलेल्या या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. साहिब सिंग सोखे हे १९३२ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. आवश्यक औषधे परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असू नयेत, ती देशात, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत आणि माफक किमतीत तयार व्हावीत, असा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक म्हणूनही त्यांनी काम केले.

स्वातंत्र्यानंतर या विचाराला मूर्त रूप मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या बाल निधीने यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य देऊ केले. १० मार्च १९५४ रोजी 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पिंपरी येथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील ही भारत सरकारची पहिली कंपनी होय. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील मर्क कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने स्ट्रेप्टोमायसीनचे उत्पादनही येथे होऊ लागले. क्षयरोगाने ग्रासलेल्या देशात या घटनेचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

पिंपरीच्या कारखान्याचे एक वैशिष्ट्य येथे विशेष नोंदविले पाहिजे. तेथे उत्पादनाच्या जोडीने संशोधन विभाग उभा करण्यात आला आणि १९५८ पासून 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' हे शास्त्रीय नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले. परदेशात सिद्ध झालेले तंत्र आणून माल तयार करणे एवढेच उद्दिष्ट असते तर याची आवश्यकता नव्हती. कारखान्याने नवी प्रतिजैविके शोधावीत ही अपेक्षा प्रारंभापासून होती.

३. पिंपरीच्या मातीतील संयुगे

१९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसीन सापडले तेव्हापासून मातीच्या शोधाची एक पद्धत रूढ झाली होती. ठिकठिकाणची माती आणायची, पाण्यात विरळ करून पोषक माध्यमावर पसरायची, उगवलेल्या वसाहती वेगळ्या करायच्या, आणि त्यांच्याभोवती रोगकारक सूक्ष्मजीवांची वाढ थांबते काय हे पाहायचे. हे काम कंटाळवाणे होते. हजारो नमुन्यांतून एखादा उपयोगी निघे, आणि जो निघे तोही बहुधा आधी कोणालातरी सापडलेलाच असे.

पिंपरी येथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हॅमायसीन' या नव्या प्रतिजैविकाची माहिती बुलेटिनमध्ये प्रसिद्ध केली. ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे नाव देण्यात आले. पिंपरी गावाचे नाव त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्राच्या शब्दकोशात गेले. त्याच दशकात डर्मोस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन ही संयुगे हाती आली. यांपैकी ऑरिओफंगिनचा उपयोग पिकांवरील बुरशीजन्य रोगांसाठी करण्यात आला. पुढे अँटिअमिबिन हे संयुगही पिंपरी येथेच सापडले. ते ज्या बुरशीपासून मिळाले तिच्या नावात 'पूनेन्सिस' हा शब्द, म्हणजे पुण्याचा उल्लेख, आहे.

हॅमायसीन, डर्मोस्टॅटिन आणि ऑरिओफंगिन ही मुख्यतः बुरशीविरोधी संयुगे आहेत, जिवाणुविरोधी नव्हेत. तरीही जिवाणूंच्या औषधप्रतिकाराच्या इतिहासात त्यांचा समावेश करणे सयुक्तिक ठरते. अनेक जिवाणूंचा एकाच वेळी नाश करणारी प्रतिजैविके वापरात आल्यावर शरीरातील निरुपद्रवी जिवाणूही मरू लागले आणि त्यांच्या जागी कँडिडासारख्या बुरशी वाढू लागल्या. बुरशीविरोधी औषधाची गरज काही अंशी प्रतिजैविकांच्या अतिवापरातूनच उत्पन्न झाली होती.

हॅमायसीनची पुढील वाटचाल बोधप्रद आहे. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग तोंडातील व त्वचेवरील बुरशीसंसर्गासारख्या स्थानिक उपचारांपुरता प्रामुख्याने राहिला. रक्तावाटे शरीरभर पोहोचविता येईल असे त्याचे रूप वेळीच तयार झाले नाही. मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून ते देण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात भारतीय संशोधकांनी उंदरांवर केले. परंतु ते काम रुग्णशय्येपर्यंत पोहोचले नाही. याच कुळातील अँफोटेरिसीन-बी हे औषध १९५० च्या दशकात अमेरिकेत व्हेनेझुएलातील मातीच्या नमुन्यापासून शोधले गेले होते. त्यालाही हीच अडचण होती. तथापि त्याचे लायपोसोमयुक्त रूप १९९० च्या दशकात बाजारात आले आणि जगभर प्रमाणभूत ठरले.

या फरकाची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात दिसून आली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने महाराष्ट्रात उग्र रूप धारण केले. नागपूर हे सर्वाधिक झळ बसलेल्या शहरांपैकी एक होते. अँफोटेरिसीन-बीच्या कुप्यांचा तीव्र तुटवडा निर्माण झाला आणि रुग्णांच्या नातेवाइकांना एकेका कुपीसाठी वणवण करावी लागली. वर्धा येथील एका कंपनीला तातडीने उत्पादनाची परवानगी देण्यात आली. हॅमायसीनने त्या रोगावर मात केली असती असा दावा येथे अभिप्रेत नाही. असा दावा करता येईल इतका त्याचा विकासच झाला नाही, हाच मुद्दा आहे. त्याच कुळातील रेणू साठ वर्षांपूर्वी राज्यात सापडला होता आणि तो अर्ध्या वाटेवर थांबला होता.

पिंपरीचा कारखानाही पुढे अडचणीत आला. १९९० च्या दशकात आयात खुली झाल्यानंतर स्वस्त चिनी मालापुढे टिकाव धरणे कठीण झाले आणि कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या अतिरिक्त जमिनीच्या विक्रीचा व निर्गुंतवणुकीचा निर्णय घेतला. देशातील पेनिसिलीन-जीचे उत्पादन यापूर्वीच बंद पडले होते. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून सरकारला २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आखावी लागली आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकिनाडाजवळ एका खाजगी कारखान्यात ते सुरू झाले. १९५५ मध्ये जे साधले होते ते जवळजवळ सत्तर वर्षांनी नव्याने साधावे लागले.

४. मुंबईतील धोक्याच्या सूचना

संशोधन मंदावत असतानाच प्रतिकार वाढत होता. याची नोंद घेणारे काही महत्त्वाचे अभ्यास मुंबईतच झाले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे आढळले. २०१० मध्ये झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावी परिसरातील पाहणी प्रसिद्ध केली. त्यात १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या योजना लिहिल्या आणि त्यांपैकी फक्त ६ जणांची योजना योग्य होती. दोन दशकांत परिस्थिती जवळजवळ पालटली नव्हती. २०११ च्या अखेरीस त्याच संशोधकांनी हिंदुजा रुग्णालयातील, चाचणी केलेल्या सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे चार रुग्ण नोंदविले.

हिंदुजा रुग्णालयातील आणखी एक अभ्यास मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या आतड्यातील जिवाणूंच्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर आढळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मधील लेखामुळे या विकराच्या नावातील 'नवी दिल्ली' या शब्दावरून देशात मोठा वाद झाला. नावाचा वाद गाजला, पण मुंबईतील संशोधकांनी पाच महिने आधी मांडलेली वस्तुस्थिती मात्र मागे पडली. २०११ मध्ये दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांपैकी नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक सापडले. प्रतिकाराचा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतींत सामावणारा नसून तो गटारे, नाले आणि पिण्याच्या पाण्याशी जोडलेला आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीने ४६ औषधांच्या विक्रीवर बंधने आणली. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम व क्षयरोगविरोधी औषधे त्यांत येतात. विक्रेत्याने डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. गांधीबागेतील घाऊक व्यापाऱ्यापासून खेड्यातील दुकानापर्यंत वितरणाची जी साखळी आहे, तिच्या शेवटच्या टोकाशी ही नोंदवही असते. चिठ्ठीशिवाय चार गोळ्या मागणारा ग्राहक आणि त्या देणारा विक्रेता यांच्यातील व्यवहारावर कोणत्याही नव्या रेणूचे आयुष्य अवलंबून असते.

५. हळद : पेटंटचा विजय आणि प्रयोगशाळेचा प्रश्न

मातीनंतर वनस्पतींकडे वळावे लागते. महाराष्ट्रात या संदर्भात हळदीचे उदाहरण सर्वज्ञात आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मधील एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख यांसह पुरावे सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाची कल्पना पुढे याच अनुभवातून साकार झाली.

हा विजय महत्त्वाचा होता. परंतु त्याचा अर्थ नेमका समजून घेणे आवश्यक आहे. हळदीचा हा उपयोग नवीन नाही, एवढेच त्या निर्णयाने सिद्ध केले. हळद औषधप्रतिकारक संसर्ग बरा करते असे त्याने सिद्ध केले नाही, आणि तो पेटंट कार्यालयाचा विषयही नव्हता. लोकमानसात मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ झाली. अग्रहक्काचा पुरावा हाच गुणकारितेचा पुरावा मानला गेला.

हळदीतील कर्क्युमिन हा पिवळा पदार्थ प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतो, हे १९४९ मध्येच 'नेचर' नियतकालिकात नोंदले गेले होते. हे कसे घडते याचा एक उलगडा मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. दुलाल पांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखविले की, जिवाणूपेशीचे विभाजन होताना मध्यभागी जे वलय तयार होते ते घडविणाऱ्या 'एफटीएस-झेड' या प्रथिनाच्या जुळणीत कर्क्युमिन अडथळा आणते. वलय न बनल्याने पेशी विभागत नाही. प्रचलित प्रतिजैविकांपेक्षा हे लक्ष्य वेगळे असल्याने त्याला महत्त्व आहे.

त्यापुढील अडचणी मात्र गंभीर आहेत. कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, आतड्यातून अत्यल्प शोषले जाते आणि शरीरात लवकर विघटित होते. काचेच्या बशीत जी मात्रा परिणामकारक ठरते ती रक्तात गाठता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर समीक्षेने असेही दाखविले की, कर्क्युमिन अनेक चाचण्यांच्या मोजमापातच ढवळाढवळ करते. त्यामुळे त्याच्या नावावर जमा झालेले अनेक सकारात्मक निष्कर्ष फसवे असू शकतात. हॅमायसीनपुढे जो विद्राव्यतेचा प्रश्न होता तोच येथे पुन्हा उभा आहे.

पांडा यांच्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये सँग्विनारिन या वनस्पतिजन्य द्रव्याचाही याच प्रथिनावरील परिणाम दाखविला होता. हे द्रव्य आपल्याकडे रानात उगवणाऱ्या पिवळ्या धोतऱ्याच्या बियांत असते. या बियांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्याने १९९८ मध्ये दिल्लीत अंगावर सूज येणाऱ्या रोगाची मोठी साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. जे जिवाणूला मारते ते माणसालाही अपाय करू शकते. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर असू शकत नाही.

६. नवी धोरणे : मारण्याऐवजी निःशस्त्र करणे

गेल्या काही दशकांत संशोधनाची दिशा बदलली आहे. जिवाणूला थेट मारणाऱ्या औषधामुळे त्याला टिकून राहण्यासाठी बदलणे भाग पडते. त्याचे अस्त्र काढून घेतले किंवा त्याची ढाल मोडली तर हा दाब कमी राहील, अशी यामागील अपेक्षा आहे. या विचाराचे तीन मार्ग विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला मार्ग ढाल मोडण्याचा. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस या मातीतील जिवाणूपासून १९७० च्या दशकात क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिळाले. ते स्वतः जिवाणूंना फारसे मारत नाही, परंतु पेनिसिलीन नष्ट करणारे विकर निकामी करते. अमॉक्सिसिलीनसोबतचे त्याचे मिश्रण १९८१ पासून वापरात आहे आणि आज कोणत्याही औषधदुकानात मिळते. वनस्पतींमध्येही अशी जोडी आढळते. दारुहळदीच्या कुळातील वनस्पतींमध्ये बर्बेरिन असते. जिवाणू ते पंपासारख्या प्रथिनाने बाहेर फेकून देतात. २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, याच कुळातील वनस्पती हा पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्यही तयार करतात, आणि दोन्ही एकत्र असताना स्टॅफिलोकॉकसवरील परिणाम कित्येक पटींनी वाढतो. एकच 'क्रियाशील घटक' वेगळा काढण्याच्या पद्धतीत असे साहचर्य हरवते. वनस्पतीचा पूर्ण अर्क वापरणाऱ्या परंपरेचा अभ्यास करताना ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा मार्ग संदेशवहन तोडण्याचा. जिवाणू रासायनिक संदेशांद्वारे आपली संख्या अजमावतात आणि ती पुरेशी झाल्यावर विषद्रव्ये व जैवपटल निर्माण करतात. या 'गणपूर्ती'च्या घटनेचे पहिले वर्णन १९७० मध्ये एका सागरी जिवाणूत झाले. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका लाल समुद्रशेवाळातील फ्युरॅनोन हे संदेश बिघडवितात असे दिसले. २००८ मध्ये कर्क्युमिनमुळे स्यूडोमोनास या जिवाणूची रोगकारकता व जैवपटलनिर्मिती कमी होते, असेही नोंदविण्यात आले. हे कार्य अद्याप प्रामुख्याने प्रयोगशाळेपुरते मर्यादित आहे.

तिसरा मार्ग जिवाणुभक्षक विषाणूंचा. त्याची पाळेमुळे भारतातच आहेत. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळल्यावर हा गुण नाहीसा होतो, असे नोंदविले. फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ मध्ये या विषाणूंची संकल्पना मांडली आणि १९२७ मध्ये भारतात येऊन पटकीवर त्यांचे प्रयोग केले. पुढे सल्फा औषधे व प्रतिजैविके आल्यावर हे काम मागे पडले. काही भक्षक विषाणूंमध्ये जैवपटलाचे चिकट आवरण विरघळविणारी विकरे असल्याने त्याकडे आता पुन्हा लक्ष वेधले गेले आहे.

७. साखळी पूर्ण झाल्याचे एक उदाहरण

महाराष्ट्रातील प्रयत्नांचा इतिहास केवळ अपुऱ्या कामांचा नाही. छत्रपती संभाजीनगर येथील वोखार्डच्या संशोधन केंद्रात नाफिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक विकसित झाले. समाजात पसरणाऱ्या जिवाणुजन्य न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस घ्यावयाचे हे औषध आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या अंगीकृत संस्थेचे साहाय्य त्याला मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ते पहिले स्वदेशी प्रतिजैविक म्हणून सादर केले.

या औषधाचे मूळ एरिथ्रोमायसीनच्या कुळात आहे, आणि एरिथ्रोमायसीन हे फिलिपाइन्समधील मातीच्या नमुन्यातून मिळालेल्या जिवाणूचे संयुग असून १९५२ पासून वापरात आहे. निसर्गाने दिलेला सांगाडा घेऊन, जिवाणूंचा प्रतिकार जेथे होतो नेमक्या त्या जागी रसायनशास्त्रज्ञांनी त्यात बदल केले. त्यासाठी दीड दशकाच्या आसपास काळ, सातत्याने पैसा आणि रुग्णांवरील चाचण्यांचे सर्व टप्पे लागले. पिंपरीच्या संयुगांना नेमके हेच लाभले नव्हते.

निष्कर्ष

१. 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' औषध हा भेद प्रतिजैविकांच्या इतिहासात ग्राह्य ठरत नाही. संयुगाचा उगम कोठे झाला यापेक्षा त्याची मात्रा, विद्राव्यता, विषारीपणा व चाचणी यांना महत्त्व आहे.

२. पिंपरी येथील संशोधनाने १९६० च्या दशकात जागतिक दर्जाची संयुगे दिली. औषधाचे योग्य रूप घडविणे व दीर्घकालीन चाचण्या करणे या टप्प्यांवर ते संशोधन खंडित झाले.

३. हळदीच्या पेटंटचा निर्णय पारंपरिक ज्ञानाच्या मालकीचा होता. त्याला वैद्यकीय गुणकारितेचा पुरावा मानणे चुकीचे आहे.

४. जैवपटल व औषधप्रतिकार यांविरुद्धची नवी धोरणे आशादायक असली तरी त्यांतील पूर्ण सिद्ध झालेले उदाहरण, म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, हे जोडऔषध आहे. वनस्पतिजन्य संयुगांचा उपयोगही प्रचलित प्रतिजैविकांना पर्याय म्हणून होण्यापेक्षा त्यांचे साहाय्यक म्हणून होण्याचा संभव अधिक दिसतो.

५. सांडपाण्याची प्रक्रिया, रुग्णालयीन स्वच्छता आणि औषधविक्रीची शिस्त यांच्या अभावी कोणतेही नवे संयुग अल्पकाळच टिकेल.

समारोप

महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांतून दरवर्षी वनस्पतींच्या अर्कांच्या जिवाणुविरोधी गुणांवर अनेक प्रकल्प होतात. बशीतील निर्जंतुक वलयाचा व्यास मोजून त्यांतील बहुतेक प्रकल्प संपतात. किमान रोधक मात्रा किती, मानवी पेशींवर परिणाम काय, प्रचलित प्रतिजैविकासोबत दिल्यास काय घडते, आणि जैवपटलातील जिवाणूंवर तो अर्क चालतो काय, हे चार प्रश्न पुढे नेले तर त्या कामाचे मोल वाढेल. इतिहास विभागांनाही येथे कार्य आहे. पिंपरीच्या बुलेटिनचे जुने अंक आणि तेथील कामगार-संशोधकांच्या आठवणी यांचे पद्धतशीर जतन होणे आवश्यक आहे.

१९६१ मध्ये पिंपरीच्या मुठभर मातीतून एक नवा रेणू मिळाला होता. तशी माती विदर्भातही आहे आणि ती तपासण्याची साधने आज त्या काळापेक्षा कितीतरी अधिक समर्थ आहेत. सापडलेल्या रेणूला रुग्णापर्यंत नेण्याची चिकाटी, आणि तो गांधीबागेच्या घाऊक बाजारातून गावोगावच्या दुकानात पोहोचल्यावर जपून वापरण्याची शिस्त, या दोन्ही बाबी यापुढील काळात आपल्या संस्थांना व समाजाला सिद्ध करून दाखवाव्या लागतील.